वसुबारस : आधी वासराचे

दिवाळीचा पहिला दिवा गोठ्यात लागतो. आश्विन वद्य द्वादशी म्हणजे वसुबारस, हा दीपोत्सवाचा आरंभ. धनत्रयोदशी, नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजन ही सारी मागून येतात. धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत या तिथीला गोवत्सद्वादशी असे नाव असून पूजा प्रदोषकाळी करावयास सांगितली आहे. आपण सैलपणे ‘गाईची पूजा’ म्हणतो. परंतु ग्रंथकारांनी गाय एकटी सांगितलेली नाही. ती सवत्स हवी, दुभती हवी, शांत स्वभावाची हवी आणि तिचा व वासराचा रंग एकसारखा असावा, येथपर्यंत बारकावा आहे. त्या दिवशी गाईचे दूध, दही, तूप, ताक वर्ज्य. तेलात तळलेलेही वर्ज्य. आपल्याकडील माता-भगिनी दिवसभर उपवास करतात आणि सायंकाळी पूजा झाल्यावर बाजरीची भाकरी व गवारीची भाजी खाऊन तो सोडतात. बाजरी त्या सुमारास नुकतीच खळ्यावरून घरात आलेली असते.

हे सगळे मी गेली चाळीस वर्षे कीर्तनातून सांगत आलो आहे. सांगणे आणि कळणे यांत किती अंतर असते हे मात्र मला गेल्या वर्षी केमला समजले, आणि तेही एका गोठ्यात, धोतरावर शेणाचे शिंतोडे उडालेले असताना.

केम हे करमाळा तालुक्यातील गाव. पंढरपूरहून निघावे, कुर्डुवाडीला गाडी बदलावी, की मुंबई-चेन्नई लोहमार्गावर थोड्याच वेळात केमचे स्थानक येते. गावाचे दैवत श्रीउत्तरेश्वर. पण महाराष्ट्रातील कित्येक घरांना हे गाव ठाऊक आहे ते कुंकवामुळे. हळदीला क्षाराचा संस्कार घडला की तिचा पिवळा रंग पालटून तांबडा होतो. या एका गोष्टीवर केमच्या कारखानदारीचा डोलारा उभा आहे. आमच्या पंढरपुरात रुक्मिणीमातेच्या ओटीत जे कुंकू पडते त्यातले पुष्कळसे केमचे असते. हळदीचा स्पर्शही नसलेले नुसत्या रंगाचे कुंकूही हल्ली सर्वत्र मिळते, पण तो विषय निराळा.

रमा एकादशीच्या कीर्तनाचे निमंत्रण होते. उत्तररंगाला मी रघुवंशातील दिलीप राजाचे आख्यान लावले. दुसऱ्या दिवशी वसुबारस असल्यामुळे ते प्रसंगाला साजेसेही होते. स्वर्गातून परतताना दिलीपाने वाटेतल्या सुरभी धेनूला प्रदक्षिणा घातली नाही, घरच्या ओढीने तो तसाच पुढे आला आणि त्यामुळे निःसंतान राहिला. वसिष्ठांनी उपाय सांगितला की सुरभीची कन्या नंदिनी आश्रमात आहे, तिची सेवा कर. चक्रवर्ती राजा एकवीस दिवस गुराखी झाला. ती चालली की चालायचे, बसली की बसायचे, तिने पाणी प्याल्यावर पाणी प्यायचे. कोवळ्या गवताचे घास भरवायचे, मान खाजवायची, गोमाशा वारायच्या. बाविसाव्या दिवशी सिंहाचा प्रसंग. राजाने गाईच्या बदल्यात आपला देह पुढे केला. श्रोते रंगले, टाळ्या झाल्या. शेवटी नंदिनी प्रसन्न होऊन म्हणते, द्रोणात माझे दूध काढ आणि पी. यावर राजा म्हणतो, वासराचे पिऊन झाले आणि होमाचे झाले की जे उरेल ते गुरूंच्या आज्ञेने घेईन. पृथ्वीचे रक्षण करून तिच्या उत्पन्नाचा सहावा हिस्सा घेतो, तसे. हे वाक्य मी नेहमीच भरभर म्हणून टाकतो, कारण तोवर बारा वाजलेले असतात आणि आरती उरलेली असते.

मुक्काम गावाबाहेरच्या एका वस्तीवर होता. यजमानांची सहा एकर जमीन. घरात त्यांच्या वृद्ध मातोश्री, ते स्वतः, पत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुले. दावणीला हरणी नावाची खिलार गाय, दोन संकरित गाई, एक पंढरपुरी म्हैस (शिंगे तलवारीसारखी लांब, खांद्याच्याही मागे गेलेली) आणि कोपऱ्यात तीन-चार शेळ्या. बैलांच्या जागेवर ट्रॅक्टरच्या अवजारांचा ढीग होता. पेरणी, नांगरट आता भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. बैल गेले तरी त्यांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा मातोश्रींनी खुंटीला टांगून ठेवल्या आहेत.

पहाटे साडेचारला जाग आली ती पत्र्यावर खराटा फिरल्याच्या आवाजाने. एकादशीचा उपवास, रात्रीचे जागरण. द्वादशीचे पारणे लवकर करावे या हेतूने मी स्नान उरकले आणि ओटीवर येऊन बसलो. उपवासाचे पारणे चहाने सुरू करावे असे कोणत्याही ग्रंथात नाही, हे मला माहीत आहे. पण सवय. मातोश्रींनी पितळी पेल्यात चहा आणून ठेवला. तो कोरा होता. मी पेल्याकडे पाहत राहिलेला पाहून त्या म्हणाल्या, “आज दूध न्हाई महाराज. आज वासराचा वार हाय.”

ज्या व्रताचे नियम आदल्या रात्री मी ध्वनिक्षेपकावरून सांगितले होते तेच मला त्यांनी पेल्यातून वाढले.

चहा घेऊन गोठ्याशी गेलो. सूनबाईंचे काम निम्मे उरकत आले होते. गोठ्याचे काम बाहेरून पाहणाऱ्याला धार काढण्याइतकेच वाटते. प्रत्यक्षात धार ही त्यातली सर्वांत लहान गोष्ट. एक मोठी गाय दिवसाकाठी दहा-पंधरा किलो शेण सहज टाकते. म्हणजे त्या दावणीचे रोजचे चार-पाच पाट्या शेण हाताने गोळा करून उकिरड्यावर न्यायचे. त्यातले थोडे गोवऱ्यांसाठी बाजूला काढायचे. मुताची नाली झाडून वाहती करायची. रात्रीच्या कडब्याची उरलेली बुडखे गव्हाणीतून काढून टाकायची. मग कुट्टीच्या यंत्रात नवी वैरण घालायची. आमच्या या मुलखात वैरण म्हणजे मुख्यतः मालदांडी ज्वारीचा कडबा. दाण्यासाठी पेरतात तितकीच ती कडब्यासाठी पेरतात, आणि पाऊस हुकला की दाण्याआधी लोकांना कडब्याची काळजी पडते. त्यानंतर पाणी. संकरित दुभत्या गाईला दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी लागते. मग पेंड भिजवायची, कास धुवायची, सड पुसायचे, आणि त्यानंतर कुठे धार. सहाच्या आत कॅन डेअरीवर पोहोचला पाहिजे. तिथे फॅट आणि एसएनएफ लागेल त्यावर भाव. हे सगळे सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. दिवाळी नाही, शिमगा नाही, घरात कोणी आजारी पडले तरी सुटका नाही.

‘कृषिपराशर’ या जुन्या संस्कृत ग्रंथात एक वचन आहे. त्याचा भाव असा, की ज्याची गोशाळा भक्कम, स्वच्छ आणि शेणविरहित आहे त्याची जनावरे विशेष खुराकावाचूनही वाढतात. विद्यार्थ्यांना शिकवताना मी हे वचन शुद्धाशुद्धीसाठी वापरीत असे. त्या पहाटे वाटले, ज्याने ते लिहिले त्याने शेणाची पाटी नक्की उचललेली असणार. मी धोतर खोचून खराटा घेतला. सूनबाई कळवळून म्हणाल्या, “अहो महाराज, तुम्ही सोवळ्यातली माणसं!” दोन मिनिटांत माझी कंबर धरली आणि हरणीने शेपटीच्या एका फटकाऱ्यात माझे सोवळे मिटवले. गोपाळपूरला जनाबाईचे जाते दाखवतात. जनाबाईच्या गोवऱ्या कानाशी धरल्या की त्यांतून विठ्ठलनाम ऐकू येई, ही कथा मी शेकडो वेळा सांगितली आहे. पण गोवरी थापण्यापूर्वी ते शेण कोणी तरी वाकून गोळा केलेले असते, हा तिचा पूर्वार्ध माझ्या कीर्तनात कधी आलेला नव्हता.

गोठ्याच्या टोकाला, बाकीच्यांपासून वेगळे, एक वासरू बांधले होते. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे, बारा दिवसांचे, पाय अजून अडखळणारे. धाकटी संकरित गाय व्याली होती, तिचा तो गोऱ्हा. मी म्हणालो, “संध्याकाळच्या पूजेला अगदी शास्त्रात सांगितल्याप्रमाणे जोडी आहे तुमची. आई आणि लेकरू एका रंगाचे.”

सूनबाई काही बोलल्या नाहीत. हातातली पाटी खाली ठेवली आणि मग म्हणाल्या, “दिवाळी झाली की न्यायला येणार आहेत त्याला.”

कोण नेणार, कुठे नेणार, हे मी विचारले. एक माणूस गाडी घेऊन येतो आणि वस्त्यावस्त्यांवरचे गोऱ्हे घेऊन जातो, एवढेच त्यांना ठाऊक होते. पुढचे कोणी विचारत नाही.

येथे वाचकांसाठी थोडा खुलासा करायला हवा. खिलार गाईला वासरू तोंडाशी लागल्याशिवाय पान्हा फुटत नाही. पूर्वी वासरू दगावले तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे ठेवीत, तेव्हा ती दूध सोडी. म्हणून जुन्या गोठ्यात वासरू जगवणे हा धर्म होता आणि गरजही होती. दोन सड आपले, दोन वासराचे, असा अलिखित करार असे. संकरित गाय वासरावाचून दूध देते. उलट वासरू अंगाला लावले तर तिला त्याची सवय होते आणि ते नसले की ती दूध आखडते. म्हणून जन्मल्यावर चीक पाजून वासरू बाजूला करतात आणि पुढे बादलीतून दूध पाजतात. कालवड असेल तर ही मेहनत पुढे फळाला येते. गोऱ्ह्याचे काय? त्याला वशिंड नाही, त्यामुळे जू नीट बसत नाही. आपल्या उन्हात तो काम रेटत नाही. आणि कामही ट्रॅक्टरने नेले. राज्यात गोहत्येला १९७६च्या कायद्याने बंदी होती, २०१५ पासून बैल आणि वळू यांनाही ती लागू झाली. कायद्याने गोऱ्ह्याचा जीव राखला खरा, पण त्याच्या बादलीत दूध कोणी घालायचे हे कायद्यात लिहिलेले नसते. आता कालवडीच जन्माला याव्यात अशा रेतमात्राही मिळू लागल्या आहेत. त्या सगळीकडे पोहोचेपर्यंत निम्म्या वेतांना गोऱ्हेच होणार.

सूनबाईंनी मला हिशेब सांगितला. वासराला त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके दूध रोज लागते. तीस किलोचे वासरू, तीन लिटर. तीन महिने धरले तर २७० लिटर. “तेवढं दूध डेअरीला गेलं तर दोघांच्या शाळेचं भागतं, महाराज. मला काय हौस आहे का त्याला पाठवायची?”

मी म्हणालो, ताई, आज वसुबारस आहे.

त्यावर त्या जे बोलल्या ते मी विसरलेलो नाही. आवाज चढलेला नव्हता. “काल तुम्ही सांगितलं, राजा म्हणाला वासराचं झालं की उरेल ते पिईन. मी ऐकलं बरं का सगळं. पण त्या राजाला डेअरीला दूध घालायचं नव्हतं.”

मला उत्तर सुचले नाही. पूर्वपक्ष-उत्तरपक्ष करण्यात आयुष्य गेले. शंकाकाराचे समाधान कसे करावे याची मला सवय आहे. येथे शंका खरी होती. शिवाय शंका घेणारी पहाटे साडेचारपासून उभी होती आणि मी बसून होतो. अखेर मी म्हटले, माझ्या कीर्तनाची जी बिदागी होईल ती या वासराच्या दुधाकडे लावा. त्या हसल्या. “एका सालाचं झालं. चैतात दुसरी गाय व्यायची आहे. तिलाही गोऱ्हाच झाला तर तुम्ही दर साल किती कीर्तनं करणार?”

मातोश्री तोवर कानोसा घेत दाराशी उभ्या होत्या. २०२२ साली लंपी त्वचारोगाने महाराष्ट्रातील गोठे हादरले, गुरांचे बाजार बंद पडले, तेव्हा या बाईंनी हरणीला वेगळे बांधून महिनाभर तिच्याजवळ अंथरूण टाकले होते, असे यजमानांनी मला आदल्या रात्री सांगितले होते. हरणी वाचली. आता तिचे वासरू मोठे होऊन आटत आलेली हरणी दिवसाला जेमतेम दोन-अडीच लिटर देते. ते डेअरीला जात नाही, घरीच राहते. त्यातून मातोश्रींचा रात्रीचा पेला, घरचा चहा आणि थोडे विरजण. मातोश्री सुनेला म्हणाल्या, “हरणीचं घाल त्याला. माझा पेला काय मी मरताना संगं नेणार हाय? कमी पडंल ते थोडं थोडं तुझ्या कॅनातलं.”

“आणि चहा?”

“कोरा प्यावा. महाराज प्याले की आज.”

सूनबाई गप्प राहिल्या. होयही म्हणाल्या नाहीत, नाहीही. त्यांना डेअरीची वेळ गाठायची होती; यजमानांनी कॅन मोटारसायकलला बांधले आणि ते निघून गेले.

दिवसभर मी वस्तीवरच होतो. शेतात रब्बीची ज्वारी गुडघ्याला लागली होती. दुपारी मुलांनी अंगणात शेणाचा सडा घालून गाईची आणि वासराची पावले रांगोळीने काढली. सूर्य कलल्यावर गुरे धुतली. प्रदोषाला सवाष्णी जमल्या. शेजारच्या दोन वस्त्यांवरच्या बायकाही आल्या, कारण त्यांच्याकडे दुभत्या गाई होत्या पण अंगाशी वासरू नव्हते. त्या सगळ्यांची पूजा या एका जोडीवर होणार होती. हे ऐकून मी अस्वस्थ झालो. नगरांतून वसुबारसेला गाय मिळत नाही म्हणून चित्राची किंवा मातीच्या मूर्तीची पूजा करतात, ते समजण्यासारखे आहे. पण गाईंनी भरलेल्या शिवारात वासरू शोधावे लागावे?

संकल्प मी सांगितला. तांब्याच्या भांड्यातून गाईच्या पायांवर अर्घ्य दिले. हळद, फुले, आणि गावचेच कुंकू. गाईच्या कपाळावर लावून झाल्यावर सूनबाईंनी गोऱ्ह्याच्या कपाळावर बोट टेकवले, तसे त्याने मान वर करून त्यांचा हात तोंडात धरला आणि चोखू लागला. बारा दिवसांच्या वासराला दुसरे काय सुचणार! बायका हसल्या. सूनबाईंनी हात काढून घेतला नाही. निरांजनाचे ताट दुसऱ्या हातात होते, ते त्यांनी शेजारणीकडे दिले आणि तशाच खाली बसल्या. झेंडूची माळ गोऱ्ह्याच्या गळ्यात घातली होती. ती गाईने मान लांबवून खाऊन टाकली.

रात्री बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी जेवलो. बादलीचा आवाज आला म्हणून बाहेर पाहिले. सूनबाई दुधात बोट बुडवून गोऱ्ह्याच्या तोंडात देत होत्या. बोट खाली नेले की वासराचे तोंड आपोआप दुधाला लागते, अशी ती युक्ती आहे. कोणत्या गाईचे दूध होते ते मी विचारले नाही. सकाळच्या गाडीने पंढरपूरला परतलो.

पुढे माघात, महाशिवरात्रीला, श्रीउत्तरेश्वराच्या दर्शनाला पुन्हा केमला जाण्याचा योग आला. ज्वारीची काढणी चालू होती, रानात नव्या कडब्याच्या पेंढ्या बांधल्या जात होत्या. वाट वाकडी करून वस्तीवर गेलो. गोऱ्हा दावणीला होता. अंगाने फार भरलेला नव्हता, पण उभा ताठ. ओल्या कडब्याचे एक ताट आडवे धरून चघळत होता. दूध सुटले होते.

“नेणारा आला नाही का?” मी विचारले.

“आला होता की पाडव्याला,” सूनबाई म्हणाल्या. “म्हटलं, आता नको, पुढल्या महिन्यात ये.”

“मग पुढल्या महिन्यात?”

“पुढल्या महिन्यातही तेच म्हटलं.”

याचे पुढे काय करणार, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. यजमानांचे म्हणणे, कोणी हलक्या गाडीला घेतले तर बघू. थोरल्या गाईला दिवस भरत आले होते. तिची कास उतरू लागली होती आणि मातोश्री दिवसातून दोनदा तिच्या पाठीवरून हात फिरवून अंदाज घेत होत्या. मला ओटीवर बसवून त्यांनी चहा आणला. दुधाचा होता. हरणी मात्र आता पुरती आटली होती, म्हणून हे दूध कुठले असे मी विचारले.

“म्हशीचं,” त्या म्हणाल्या. “पी बाबा, आज बारस न्हाई.”